डाव्या खांद्याची उशी

पितांबर सर कुंदाबाईंच्या दुकानात पहिल्यांदा आले ते सात वर्षांच्या एका मुलीचं बोट धरून. त्यांच्या दुसऱ्या हातात व्हायोलिनची पेटी होती. मुलीची आई, डिंपल, मागून स्कूटी लावून आली. करोनाच्या आधीच्या वर्षातली गोष्ट.

दुकान म्हणजे जळगावच्या पिंप्राळ्यातल्या घराची पुढची खोली. दोन मशिनी, कपाटभर अस्तरं आणि भिंतीला उभा आरसा. कुंदाबाई बायकांचे ब्लाउज आणि मुलींचे फ्रॉक शिवत. त्यांनी शिवलेलं अंगावर चपखल बसतं, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांना ठाऊक होती. पितांबर सर धुळ्याचे. तिथल्या शाळेतून संगीत शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि शनिवारी-रविवारी बसने जळगावला येऊन मुलांना व्हायोलिन शिकवत.

"मला एक उशी शिवून हवी आहे," सर म्हणाले. "पण मापाची."

"उशीला कसलं माप, सर?"

सरांनी पेटी उघडली. इतकं लहान व्हायोलिन कुंदाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. खेळण्यातलं आहे का, असं त्यांनी विचारलंसुद्धा. सर हसले. त्यांनी मुलीला डावा हात पुढे सरळ करायला सांगितला आणि व्हायोलिन तिच्या खांद्यावर ठेवलं. व्हायोलिनचं टोक बरोबर तिच्या मनगटापर्यंत आलं.

"टोक मनगटाच्या फार पुढे गेलं तर ते वाद्य तिच्यासाठी मोठं. लोक म्हणतात, मोठंच घेऊन ठेवू, वाढेल तशी पुरेल. पण चपलांचं चालतं, ह्याचं नाही चालत. आता हे पाहा. हेतल, धर."

हेतलने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. खांदा आणि लाकूड यांच्यामध्ये बरीच फट राहिली होती. ती भरून काढायला मुलीने खांदा कानापर्यंत उचलला, मान वाकडी केली आणि जबडा आवळला.

"दहा मिनिटांत हिची मान दुखणार," सर म्हणाले, "आणि महिन्याभरात ही म्हणणार, मला नाही शिकायचं. तिचंही बरोबरच असेल. बाजारात टेकू मिळतो तो मोठ्या व्हायोलिनचा, ह्याला बसत नाही. ही फट भरायची. पण अशी, की खांदा उचलावा लागू नये आणि मान सरळ राहावी. व्हायोलिन तिच्यापाशी यायला हवं, तिने व्हायोलिनपाशी जायला नको."

कुंदाबाईंना ते वाक्य फार आवडलं. कपड्याचंही तसंच असतं, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी हेतलला स्टुलावर उभं केलं. टेप घेऊन गळ्याच्या हाडापासून हनुवटीपर्यंतचं माप घेतलं. "कुठं टोचतं गं?" त्यांनी विचारलं. हेतलने जबड्याच्या हाडावर बोट ठेवलं. मग जरा विचार करून गळ्याच्या हाडावरही ठेवलं.

पहिली उशी फोमची केली. ती दबे आणि लगेच वर येई, व्हायोलिन डुगडुगे. दुसरीत कापूस भरला, तो आठ दिवसांत बसून गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी पातळ फोमवर जुन्या फ्लॅनेलच्या चार घड्या घातल्या. छातीकडे कमी आणि दंडाकडे जास्त, अशा उताराने त्या शिवल्या. फ्रॉकवरून घसरू नये म्हणून वर कॉर्डरॉय लावलं आणि व्हायोलिनच्या कोपऱ्यांत अडकवायला इलॅस्टिक घातलं. हनुवटी टेकते त्या लाकडाला मऊ सुती कापडाची खोळ केली.

त्या शनिवारी हेतलने व्हायोलिन धरलं आणि सर म्हणाले, "आता दोन्ही हात सोड."

तिने भीत भीत हात सोडले. व्हायोलिन जागचं हललं नाही. दोन्ही हात खाली लोंबत सोडून ती तशीच उभी राहिली आणि हनुवटी न हलवता हसली. खांदे सैल होते, मान सरळ होती.

"झालं," सर म्हणाले. "आपल्या खांद्यावर काही आहे हे आता ती विसरेल."

त्यानंतर सरांच्या प्रत्येक नव्या मुलाची उशी कुंदाबाईंकडे येऊ लागली. डिंपलही हेतलचे सगळे कपडे त्यांच्याकडेच टाकू लागली. तिचा नवरा ललित ठिबकच्या नळ्यांच्या धंद्यात होता, फैजपूर-यावल भागात केळीच्या मळ्यांतून सतत फिरतीवर असे. डिंपल एका पतपेढीत नोकरी करायची. घाईघाईत येऊन ती हेतलला दुकानात सोडायची आणि म्हणायची, "ताई, तुम्हीच बघा काय ते. मला त्यातलं कळत नाही." हेतल स्टुलावर बसून शाळेतलं सगळं सांगायची. कुंदाबाईंना मूल नव्हतं. ही मुलगी आली की त्या मशीन थांबवून तिचं बोलणं ऐकत बसायच्या.

टाळेबंदीत क्लास बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा हेतल साडेनऊ वर्षांची होती आणि पुष्कळ उंच झाली होती. सरांनी तिला आता मोठ्या मापाचं व्हायोलिन दिलं. नव्या उशीसाठी ती दुकानात आली.

कुंदाबाईंनी नेहमीसारखी मापं घेतली आणि वहीत लिहिताना त्यांचा हात थांबला. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक आकडा आला होता आणि उजव्या खांद्यापासून दुसरा. अर्ध्या इंचाचा फरक. त्यांना वाटलं, टेप सरकली असेल. पुन्हा घेतलं. तेवढाच फरक.

"सरळ उभी राहा बरं."

"सरळच आहे मावशी."

त्यांनी तिला पाठमोरी केलं. उजवा खांदा वर होता, डावा उतरलेला. उजव्या बाजूचं पाठीचं पातं फ्रॉकमधून जरा जास्त वर आलेलं दिसत होतं. तीस वर्षं त्या माणसांच्या पाठी मोजत आल्या होत्या. सगळ्यांच्याच दोन बाजू थोड्या वेगळ्या असतात, हे त्यांना माहीत होतं. हे थोडं नव्हतं, हेही त्यांना तिथेच कळलं.

रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला, भटूला, सांगितलं. दोघं एरंडोलकडचे, घरात खानदेशीच बोलायचे.

"तुले काय करनं शे?" भटू म्हणाला. "आपलं काम शिवानं शे. तू डाक्टर शे का? सुगंधाबाईनी बठ्ठी गल्ली फिराई दिधी व्हती, इसरी गयी का?"

त्या विसरल्या नव्हत्या. बारा वर्षांपूर्वी सुगंधाबाई नावाच्या एका गिऱ्हाइकाला त्या सहज म्हणाल्या होत्या, की पोरीच्या कमरेची एक बाजू वर आहे, दाखवून घ्या. ती बाई दुकानातच भडकली. पोरीचं लग्न जमवायचं चाललंय, आणि तुम्ही असलं काहीतरी उठवता, म्हणाली. आठवड्याभरात गल्लीतली चार घरं दुसऱ्या शिंपिणीकडे जायला लागली. तेव्हापासून कुंदाबाईंनी एक नियम केला होता. बोलायचं ते फक्त कपड्याविषयी.

त्यांनी उशी शिवली. डावा खांदा खाली होता म्हणून फट जास्त होती, म्हणून दोन घड्या वाढवल्या. फ्रॉक शिवताना डाव्या खांद्यात अस्तराच्या आत एक पातळ पट्टी घातली आणि उजव्या बाजूला पाठीत किंचित जास्त कापड सोडलं. फ्रॉक घालून हेतल आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिचे दोन्ही खांदे एका रेषेत दिसत होते.

"अगदी छान बसलाय," डिंपल म्हणाली.

पुढे सहा महिन्यांनी सरांचा निरोप आला. व्हायोलिन पुन्हा खाली झुकतंय, उशी थोडी जाड करा. कुंदाबाईंनी जाड केली. आणखी काही महिन्यांनी पुन्हा. मुलगी वाढतेय, असं सर म्हणाले. कुंदाबाई म्हणाल्या, हो, वाढतेय. फ्रॉकच्या खांद्यातली पट्टीही त्या दर खेपेला थोडी वाढवत गेल्या. हे काम सोपं नव्हतं. पट्टी हाताला लागू नये, वरून दिसू नये, धुतल्यावर गोळा होऊ नये. ते त्यांना उत्तम जमलं आणि जमल्याचं समाधानही वाटलं. नंतर जे त्यांच्या सगळ्यात जिव्हारी लागलं ते हेच, की त्यांना समाधान वाटलं होतं.

हेतल अकरा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात धुळ्याला सरांच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. डिंपलने आग्रह करून कुंदाबाईंना बरोबर नेलं. हेतलने निळा लांब झगा घातला होता, कुंदाबाईंनीच शिवलेला. ती रंगमंचावर आली आणि दहा मिनिटं एकटी वाजवत उभी राहिली. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती ताठ उभी राहते गं पोर." नंतर सरांनी माइकवरून सांगितलं, की आमच्या मुलांना वाद्य जड जात नाही याचं श्रेय जळगावच्या कुंदाताईंच्या उशांना आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंदाबाईंनी उभं राहून नमस्कार केला.

परतताना ललितने पारोळ्याला चहासाठी गाडी थांबवली. हेतल मागच्या सीटवर झोपली होती. कुंदाबाईंनी मागे वळून पाहिलं. झोपेत तिचं अंग एका बाजूला वळलं होतं आणि झग्यातली पट्टी वर सरकून गळ्यापाशी आली होती. आता सांगावं, असं त्यांना वाटलं. गाडीत चौघंच होते, गल्ली नव्हती, सुगंधाबाई नव्हती. त्या म्हणाल्या, "डिंपलताई, एक बोलायचं होतं."

"अहो, मलाच बोलायचंय," डिंपल म्हणाली. "आज सगळ्या बायका विचारत होत्या, झगा कुठे शिवला. तुमच्या हातात काय आहे ते देवच जाणे." आणि मग तिने विचारलं, "तुम्ही काय म्हणत होता?"

"काही नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "निळा रंग खुलतो तिला."

त्यानंतर सव्वा वर्ष गेलं. धुळ्याला डिंपलच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. कुंदाबाई तेव्हा हाताला गळू झाल्यामुळे पंधरा दिवस शिवत नव्हत्या. म्हणून डिंपलने हेतलसाठी तयार ड्रेस घ्यायचं ठरवलं. धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका दुकानात हेतलने एक ड्रेस घालून पाहिला. तो एका खांद्यावरून उतरत होता आणि खालची कड तिरकी दिसत होती. डिंपलने दुसरा मागवला. तोही तसाच. तिसऱ्या वेळी दुकानातली मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, कपड्यात दोष नाहीये."

डिंपलने आरशात पाहिलं. मग तिने हेतलला वाकायला सांगितलं. पाठीच्या उजव्या बाजूला उंचवटा स्पष्ट दिसला.

हे सगळं डिंपलनेच चार दिवसांनी कुंदाबाईंच्या दुकानात बसून सांगितलं. लग्न तसंच बाजूला राहिलं होतं. धुळ्यातच एक्स-रे काढला, मग तो घेऊन ते पुण्याला गेले. पाठीचा कणा बाजूला वाकला होता. असं का होतं ते बहुतेकदा सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. व्हायोलिनचा काही संबंध नाही, दप्तराचाही नाही. पण दोन-अडीच वर्षांपूर्वी आणलं असतं तर पट्टा घालून वाकाची वाढ थोपवून पाहता आली असती. आता वाक फार पुढे गेला होता. शस्त्रक्रियेला पर्याय नव्हता.

डिंपल रडत नव्हती. तिचे डोळे नुसते कोरडे आणि लाल होते.

"मी सकाळी सातला तिचा डबा करते, नऊला बाहेर पडते," ती म्हणाली. "गेल्या तीन वर्षांत मी तिची पाठ पाहिलीच नाही हो. ती आता मोठी झाली, स्वतःची अंघोळ स्वतः करते. ताई, तुम्ही इतकी वर्षं तिची मापं घेताय. तुमच्या कधी लक्षात नाही आलं?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. आपल्यासारखंच आणखी कोणाला दिसलं नाही ना, एवढंच तिला ऐकायचं होतं.

"नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "नाही आलं."

डिंपलने मान हलवली. आपल्याला थोडा आधार मिळाल्यासारखी ती उठली आणि निघून गेली.

शस्त्रक्रिया मे महिन्यात पुण्याला झाली. सात तास लागले. कण्याला आधार द्यायला दोन सळ्या बसवल्या. त्या दिवशी कुंदाबाईंनी एकही मशीन चालवली नाही. भटूने दोनदा विचारलं, काय झालं. त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी ललितचा फोन पितांबर सरांना आणि सरांचा कुंदाबाईंना आला, की सगळं नीट पार पडलं, पाय हलतात.

"कुंदाताई, चूक माझी आहे," सर फोनवर म्हणाले. "व्हायोलिन सारखं झुकत होतं. उशी जाड करा, उशी जाड करा, एवढंच मी सांगत राहिलो. का झुकतंय ते बघायला हवं होतं. मुलांच्या खांद्यांकडे बघणं हेच माझं काम आहे."

कुंदाबाईंनी फोन कानाशी धरून ठेवला. आपल्याला दिसलं होतं, असं त्यांना म्हणायचं होतं. सर त्यांच्या बोलण्याची वाट बघत थांबले आणि मग त्यांनीच फोन ठेवला.

हेतल घरी आल्याला दीड महिना झाला तेव्हा एका रविवारी कुंदाबाई त्यांच्या घरी गेल्या. दार ललितने उघडलं. डिंपल आतून आली, तिने पाणी दिलं. कुंदाबाईंनी पाणी घेतलं नाही.

"तुम्ही विचारलं होतं ना, माझ्या लक्षात आलं होतं का," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. माझ्या लक्षात आलं होतं."

डिंपल उभीच होती. "कधी?"

"नवीन व्हायोलिन आलं तेव्हा. शाळा पुन्हा उघडल्या त्या वर्षी."

"म्हणजे साडेनऊची होती."

"हो."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"खांद्यात पट्टी घातली. फ्रॉक सरळ दिसावा म्हणून."

ललित खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मग कुंदाबाई सुगंधाबाईची हकिगत सांगायला लागल्या, पण दोन वाक्यांतच त्यांना ती इतकी क्षुल्लक वाटली, की त्या मध्येच थांबल्या.

"मी रोज स्वतःला विचारते, की आई असून मला कसं दिसलं नाही," डिंपल हळू आवाजात म्हणाली. "आणि रोज स्वतःला सांगते, की कोणालाच दिसलं नाही. सरांना नाही, तुम्हाला नाही. त्यावर माझे दिवस चालले होते. आता हे मला कशाला सांगितलंत?"

खरं सांगितलं पाहिजे, असं स्वतःला बजावत कुंदाबाई आल्या होत्या. पण ते सांगून ओझं कोणाचं उतरलं आणि कोणाच्या खांद्यावर गेलं, हे त्यांना तिथे उभं असताना कळलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"हो," डिंपल म्हणाली. "चुकलं."

त्या निघाल्या तेव्हा आतल्या खोलीतून हेतल आली. हळू चालत होती, अंग वळवायचं असेल तर सगळीच वळत होती. तिने काही ऐकलं होतं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती फाटकापर्यंत आली.

"मावशी, मी दीड इंच उंच झाले," ती म्हणाली. "ऑपरेशनमुळे एकदम. माझे सगळे कपडे आखूड झालेत."

कुंदाबाईंना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. आतून डिंपलने हाक मारली आणि हेतल परत गेली.

डिंपल त्यानंतर दुकानात आली नाही. तिने कोणाला काही सांगितलंही नसावं, कारण कुंदाबाईंचं एकही गिऱ्हाईक कमी झालं नाही. ज्या गोष्टीला भिऊन त्या गप्प राहिल्या होत्या, ती घडलीच नाही. कुणी तरी गल्लीत येऊन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना कधी कधी वाटे.

आता त्या बोलतात. उशीसाठी मूल आलं, की त्याला पाठमोरं उभं करतात, वाकायला लावतात आणि काही वेगळं वाटलं तर आईला तिथेच सांगतात. एक बाई चिडून निघून गेली. एकीने डॉक्टरला दाखवलं आणि काही निघालं नाही म्हणून पैसे फुकट गेल्याचं ऐकवून गेली. कुंदाबाईंनी ऐकून घेतलं. भटू आता मध्ये पडत नाही.

यंदाच्या जानेवारीत पितांबर सर एका नव्या मुलाला घेऊन आले. मुलाचं माप घेता घेता कुंदाबाईंनी विचारलं, "हेतल वाजवते का हो?"

"वाजवते," सर म्हणाले. "खुर्चीत बसून. वीस मिनिटं झाली की थकते, मग थांबतो आम्ही. हात सुरेल आहे अजून." मग ते हळूच म्हणाले, "बाजारातला टेकू लावलाय तिने. मोठ्या व्हायोलिनला बसतो तो. पण तिला काचतो, असं ती मला एकदा म्हणाली. मी डिंपलताईंना विचारून बघू का? तुम्ही एक उशी शिवून दिलीत तर..."

कुंदाबाईंनी टेप मुलाच्या गळ्याशी धरली होती. ती त्यांनी सावकाश खाली घेतली.

"नका विचारू, सर," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटलं तर त्या येतील."

मुलगा स्टुलावर ताटकळत उभा होता. कुंदाबाईंनी त्याला वळवलं, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि मग बराच वेळ त्या तशाच बघत राहिल्या.